पोटगी मंजूर झाली, पण वसूल कोणी करायची?

न्यू जर्सीतल्या एका छोट्या कंपनीत मी पगाराचं काम बघते. नवा माणूस लागला की २० दिवसांच्या आत त्याचं नाव सरकारला कळवावं लागतं. मागे एकाला लागून महिनाही झाला नव्हता, तोच कागद आला: याच्या पगारातून मुलांची पोटगी कापा. पगारानंतर कामाच्या ७ दिवसांत मी ती रक्कम राज्याच्या केंद्राकडे पाठवते, तिथून ती मुलांच्या आईला मिळते. दर पगाराला पैसे येणार हे ठाऊक असलं की ती पाळणाघर लावू शकते, आणि पाळणाघर लागलं की पूर्णवेळ नोकरी धरू शकते.

तो आकडा टाकताना मला भारतातली मामेबहीण आठवते. कोर्टाने तिच्या मुलीला पोटगी मंजूर केली आणि खरी पायपीट तिथून सुरू झाली. थकबाकीसाठी पुन्हा अर्ज, मग वॉरंट, मग 'पत्त्यावर मिळून आला नाही'. वर्षाच्या आत अर्ज केला नाही तर त्या थकबाकीवर वॉरंटही निघत नाही. प्रत्येक तारखेला शिवणाची एक दिवसाची कमाई बुडायची, एसटीचं भाडं वेगळं. शेवटी तिने जाणंच सोडलं.

आपल्याकडे वाद मात्र बायका पोटगी उकळतात का, यावरच. रक्कम ठरवताना दोघांनी उत्पन्नाची प्रतिज्ञापत्रं द्यावीत, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये रजनेश विरुद्ध नेहा खटल्यात सांगितलं. चांगलंच झालं. पण ठरलेली रक्कम वसूल करायला आजही त्या बाईनेच धावायचं.

इथलं, अमेरिकेतलं, सगळंच गोड नाही. पोटगी वसुलीच्या १९७५ च्या कायद्यामागे सरकारी मदतीचा खर्च बापांकडून भरून घेण्याचाही हेतू होता. आई रोख मदत घेत असेल तर अजूनही बऱ्याच राज्यांत पोटगीतला वाटा सरकार ठेवून घेतं. मला हे मुलांच्या ताटातलं काढून घेणं वाटतं. कोलोरॅडोने २०१७ पासून चालू पोटगी पूर्ण कुटुंबाला द्यायला सुरुवात केली, तसं सगळीकडे व्हावं.

रोजंदारीवरच्या बापाकडून पगारकपात होणार नाही, हे खरंच. पण माझ्या बहिणीचा नवरा कारखान्यात पगारी होता. त्या काळात त्याने ३ नोकऱ्या बदलल्या, प्रत्येक ठिकाणी पीएफ कापला गेला, यूएएन, म्हणजे नोकरी बदलली तरी न बदलणारा पीएफचा नंबर, तोच राहिला. पीएफला तो दर महिन्याला सापडत होता. कोर्टाचा आदेश त्याच नंबरावरून थेट मालकाकडे गेला असता, तर भाचीची बारावीची फी उसनवारीवर भरावी लागली नसती.