दोन गोण्या सिमेंट

"पिकअप गेला वाटतं रे तुझ्या गाडीचा," शेजारचे काका काल मला म्हणाले. चार रविवार मी त्या गाडीखाली उताणा पडून काढले होते. मागची चाकं जागच्या जागी फिरायची थांबली, डोकं मात्र कालपासून फिरतंय.

दुखणं थोडक्यात सांगतो. गाडी मागच्या चाकांवर चालणारी, घोडे तीनशेच्या वर आणि मागे अखंड ॲक्सल, म्हणजे दोन्ही चाकं एकाच कडक आसावर. ॲक्सिलरेटर जरा दाबला की चाकं पकड सोडायची. नुसती सोडली असती तर चाललं असतं. पण ती सोडायची, धरायची, पुन्हा सोडायची, आणि मागच्या सीटखाली कुणीतरी घण घालतंय असं वाटायचं. याला व्हील हॉप म्हणतात. चाक एका दिशेला जोर लावतं, ॲक्सल उलट्या दिशेला पीळ खातो, सांध्यांत बसवलेले मऊ रबरी बुश दबतात, चाक सुटलं की सगळं उसळून जागेवर येतं. हे फार दिवस चालू दिलं की एखादा ॲक्सल शाफ्ट, म्हणजे चाक फिरवणारा दांडा, तुटतो.

म्हणून ॲक्सलला गाडीशी जोडणाऱ्या दांड्यांपैकी, म्हणजे आर्मपैकी, खालचे बदलले, जाड नळीचे, पॉलियुरेथेनच्या कडक बुशचे. वरच्या आर्मना रबरच ठेवलं. वर-खाली दोन्हीकडे कडक बुश घातले तर वळणावर ॲक्सलला कलायला जागाच उरत नाही, हे फुकट सल्ला देणारे कधी सांगत नाहीत. शॉकॲब्सॉर्बरही नवे घातले.

पहिल्याच रविवारी काका प्लॅस्टिकची खुर्ची घेऊन आले. मला त्यांच्या फक्त चपला दिसत होत्या.

"काय बिघडलंय?"

"बिघडलं नाही काका. चाक फिरतंय."

चपला थोडा वेळ गप्प. "चाक फिरायलाच असतं ना रे?"

"जागेवर फिरतंय. गाडी पुढे जात नाही."

"मग बरंच की. कुणाला धडकणार तरी नाही."

पाना माझ्या हातातून सुटून कपाळावर पडला. चपला जवळ आल्या. "लागलं का? हे बघ, तुझी गाडी धुरजड आहे. इंजिन पुढे, मागे काही नाही. बैलगाडी धुरजड झाली की आम्ही ओझं मागे सरकवायचो. तू डिकीत दोन गोण्या सिमेंट टाक."

"काका, ही परफॉर्मन्स गाडी आहे."

"मग तीन टाक."

हसलो खरा, पण रात्री गणित मांडलं. सोळाशे किलोची गाडी, गुरुत्वमध्य जमिनीपासून अर्धा मीटर वर, पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर २.७ मीटर. अर्ध्या जी (गुरुत्वाकर्षणाच्या निम्म्या) वेगवाढीला पुढचं वजन मागे सरकतं ते साधारण दीडशे किलो. मागचा भाग कितीही खाली बसवा किंवा उचला, हा आकडा जवळपास तेवढाच राहतो. गाडी मागे बसली म्हणजे वजन मागे आलं, असं समजून मऊ स्प्रिंगांवर पैसे घालणाऱ्यांत मीही होतो. आणि पन्नास किलोच्या दोन गोण्या? सरळ शंभर किलो, मागच्या चाकांच्या डोक्यावर, कायमचे. चाक घसरत असेपर्यंत तरी काका बरोबर होते. हे मी त्यांना अजून सांगितलेलं नाही, सांगणारही नाही.

दुसऱ्या रविवारी त्यांच्या बैलांच्या आठवणी ऐकता ऐकता मी वरच्या आर्मचे बोल्ट ॲक्सल लोंबकळत असतानाच आवळून टाकले. रबरी बुश गाडीचं वजन चाकांवर असतानाच आवळायचे असतात, नाहीतर गाडी खाली टेकली की ते कायम पिळलेलेच राहतात आणि लवकर फाटतात. सगळं पुन्हा ढिलं केलं. तिसरा रविवार त्यात गेला. बैलाचं नाव सर्जा होतं, एवढं पक्कं लक्षात आहे.

स्वतंत्र सस्पेंशनवाल्यांनी, म्हणजे ज्यांचं मागचं प्रत्येक चाक वेगळं हलतं त्यांनी, हसू नये. मागच्या सबफ्रेमचे (सस्पेंशन धरणाऱ्या चौकटीचे) बुश मऊ असले की त्यांच्याही गाड्या उड्या मारतात. १९६४ ला आलेल्या फोर्डच्या मस्टँग गाडीच्या साध्या मॉडेलना तर मागे स्वतंत्र सस्पेंशन मिळायला २०१५ चं मॉडेल उजाडावं लागलं, आणि सरळ रेषेत शर्यत लावणारे अजूनही जुन्या अखंड ॲक्सलसाठी जीव टाकतात.

काल गाडी बाहेर काढली. क्लच सोडला, पाय दाबला. मागचा भाग जरासा बसला आणि गाडी गप्पकन सुटली. धूर नाही, किंकाळी नाही, घण नाही. माझ्या डोळ्यांत पाणी यायचं बाकी होतं. वळून परत आलो तर काका फाटकाशी.

"पूर्वी कशी टायरं ओरडायची! काळा धूर निघायचा! आता नुसती जाते."

नुसती जाते! अहो, टायर जाळायला अक्कल लागत नाही, पैसे लागतात. पण काम चोख झालं की दिसत नाही आणि नासलं की गर्दी जमते. गाडी घसरत होती तेव्हा पोरं व्हिडिओ काढायची. काल एकानेही मान वर केली नाही.

"आणि तो किर्र किर्र आवाज कसला?" काकांचा कान तिखट. पॉलियुरेथेनचे बुश कोरडे पडले की कुरकुरतात. त्याला खास सिलिकॉन ग्रीस लागतं आणि मी ते हात आखडून लावलं होतं.

आज सकाळी दार वाजलं. काका. एका हातात शिलाई मशीनच्या तेलाची कुपी, दुसऱ्या हातात खुर्ची.