बारावी अनुसूची, रात्री अडीच वाजता

मी बँकेतून निवृत्त झालेला माणूस. व्याजाचे दर सोडले तर मला काही पाठ असण्याचं कारण नाही. पण मागच्या महिन्यात भाचीच्या लग्नात पंगतीला शेजारचे गृहस्थ सहज म्हणाले, "आमच्याकडे यंदा सरपंचपद बाईमाणसाला राखीव झालं," आणि माझ्या तोंडून जिलबीसकट बाहेर पडलं, "कलम 243 डी!" गृहस्थांनी आपली वाटी जरा पलीकडे सरकवली. हिने माझ्या पायावर पाय दिला.

यात माझा काही दोष नाही. दोष समोरच्या गॅलरीचा.

आम्ही सदाशिव पेठेत राहतो. पानिपतावर पडलेल्या सदाशिवरावभाऊंच्या नावाची ही पेठ. भाऊंच्या फौजेला शेवटी पाणी आणि रसद पुरली नाही म्हणतात, तेव्हा आमची सोसायटी पेठेच्या नावाला जागून आहे. वाडा पाडून बांधलेली आठ फ्लॅटची इमारत. बांधली तेव्हा आठ बिऱ्हाडं होती. मग मूळ मालक एकेक करून कोथरूडला गेले, त्यांची मुलं न्यू जर्सीला गेली आणि फ्लॅट गेले कॉटवर. आज आठातले पाच फ्लॅट 'कॉट बेसिस' आहेत. एकेका फ्लॅटमध्ये बारा मुलं. बीड, बुलढाणा, नंदुरबार, लातूर. आमच्या जिन्यात उभं राहिलं की निम्मा महाराष्ट्र चपला काढताना दिसतो. सगळे स्पर्धा परीक्षावाले. म्हणजे भावी तहसीलदार, भावी पोलीस उपनिरीक्षक, आणि तूर्तास माझ्या स्कूटरच्या मागे गाडी लावणारे.

एकदा ब्रोकर आमच्याकडेही आला होता. हॉलमध्ये उभा राहून त्याने डोळ्यांनीच माप घेतलं.

"काका, इथे चार आरामात बसतात."

"आम्ही दोघं बसतो की आरामात," मी म्हटलं.

"बसतात म्हणजे कॉट हो." मग देवघराकडे बघून, आवाज खाली आणून, "हे हललं तर पाचवी."

त्याला मी चहा न देता वाटेला लावला. पण त्या रात्री ही बराच वेळ छताकडे बघत पडली होती. म्हणाली, "सोफा काढला तर देव न हलवताही पाच बसतील हो." तेव्हापासून मला आमच्या घरात कुठेही निवांत बसता येत नाही. मी ज्या कोपऱ्यात पेपर वाचतो तो दोन नंबरचा कॉट आहे.

पाण्याचं विचारू नका. टाकी आठ बिऱ्हाडांच्या हिशेबाची. साठ मुलांच्या आंघोळी त्यात बसवायच्या म्हणजे भूमितीचं काम. सकाळी पाचला उठून दोन बादल्या भरल्या तर भरल्या. सहाला उठणारा पूर्वी लवकर उठणारा समजला जायचा, आता तो कोरडा समजला जातो.

दुकानांची गत तीच. उपाशी विठोबाच्या पेठेत आता बोळाबोळात मेस आहे. वाण्याच्या जागी झेरॉक्स आलं. शिंप्याकडे चहा मिळतो. पिठाच्या गिरणीची अभ्यासिका झाली, पण दळण चोवीस तास चालूच आहे. परवा पाव किलो तूरडाळ आणायला निघालो तर तीन गल्ल्यांत मला चालू घडामोडींची मासिकं, कपडे वाळत घालायच्या प्लॅस्टिकच्या दोऱ्या आणि पोहे एवढंच मिळालं. रविवारी संध्याकाळी तर आम्हालाही उपास घडतो, कारण मेसला सुट्टी असते आणि उडप्याकडे ही सगळी साठ मुलं आमच्या आधी पोचलेली असतात.

आता गाड्यांचं. माझी स्कूटर जिन्याखाली असते. तिच्यापर्यंत जायला अकरा मोटरसायकली ओलांडाव्या लागतात. शेवटी मी पेठेतल्या माणसाला शोभेल असा मार्ग पत्करला. पुठ्ठ्यावर सुवाच्य अक्षरात लिहून लावलं: 'येथे वाहन लावल्यास चाकातील हवा सोडली जाईल.'

दुसऱ्या दिवशी खाली पेन्सिलीने लिहिलेलं: 'नवीन कर्मणी प्रयोग. कर्ता लुप्त.'

संध्याकाळी त्याखाली निळ्या शाईत: 'शक्य कर्मणी हवा होता. उदा. काकांकडून हवा सोडवते.'

रात्री लाल शाईत: 'सोडवणार नाही. काकांना खाली वाकवत नाही. (शक्य भावे.)'

मी चिडून पाटी काढायला गेलो तर दोन मुलं वहीत उतरवून घेत होती. म्हणाली, "राहू द्या ना काका, चांगलं उदाहरण आहे." पाटी अजून तिथेच आहे. गाड्याही.

खरं तर पोरं वाईट नाहीत. गॅसचा सिलिंडर वर चढवून देतात, हिच्या मोबाइलमधलं काय बिघडलंय ते बघतात. 2021 च्या 11 मार्चला, तीन दिवसांवर आलेली पूर्व परीक्षा लोकसेवा आयोगाने पुढे ढकलली तेव्हा ही सगळी शास्त्री रस्त्यावर जाऊन बसली होती. मी नेमका नवी पेठेतून औषधं घेऊन येत होतो, तो अडकलो. तासभर उभं राहिल्यावर गर्दीतल्या एकाने आदराने विचारलं, "काका, तुमचा कितवा अटेम्प्ट?" खुल्या गटाची वयोमर्यादा 38. मी 64 चा. किती दिवस मला त्या प्रश्नाने बरं वाटत होतं, हे हिला अजून सांगितलेलं नाही.

पण समोरची गॅलरी. आमच्या आणि तिच्या कठड्यात एवढंच अंतर की हात लांब केला तर चहाचा कप देता येईल. तिथे एक बीडचा मुलगा रात्री एक ते चार येरझाऱ्या घालत मोठ्याने पाठांतर करतो. आत बारा कॉटांवर अकरा जण झोपलेले, म्हणून तो बाहेर. आमच्याकडे आम्ही दोघंच झोपलेले, म्हणून आम्ही धरलेच जात नाही. त्र्याहत्तरावी घटनादुरुस्ती, लागू 24 एप्रिल 1993, अकरावी अनुसूची, 29 विषय. चौऱ्याहत्तरावी, 1 जून 1993, बारावी अनुसूची, 18 विषय. ही अनुसूची मला विशेष लागते. नगरनियोजन, इमारतींचं नियमन, पाणीपुरवठा, घनकचरा, अग्निशमन... नगरपालिकांनी काय काय बघावं त्याची ही यादी. अंधारात उताणं पडून ऐकताना वाटतं, कुणीतरी आमच्या सोसायटीच्या मागच्या सभेचा वृत्तान्त वाचतंय.

परवा रात्री अडीचला स्वारी पंधरावर आली. कोंडवाडे. सोळा, जन्ममृत्यूची नोंद. "सतरा..." आणि थांबली. पावलं थांबली. "सतरा... सतरा..." पुन्हा पहिल्यापासून. पुन्हा सोळावर येऊन, "सतरा... पथदिवे आणि... आणि..."

दाताखाली खडा आल्यासारखं झालं. कूस बदलली, उशी कानावर घेतली. तिसऱ्यांदा तो "पथदिवे आणि" म्हणाला तेव्हा मला राहवलं नाही. तसाच उठलो, गॅलरीचं दार उघडलं आणि ओरडलो:

"पार्किंग!"

अंधारात क्षणभर काहीच नाही. मग अगदी पडलेल्या आवाजात, "सॉरी काका. आत्ता काढतो."

"अरे, तसं नाही..."

पण तो गेलाही. जिन्यावर चपलांचा आवाज आला, खाली एकामागून एक अकरा स्टँड खडखडले, मधेच कुणीतरी उठून "कुणाची रे?" म्हणून ओरडलं. मी गॅलरीत उभा. अठरावा विषय राहिला होता.

"कत्तलखाने," मी हळूच म्हटलं, आणि आत आलो.

"कुणाशी बोलताय?" ही झोपेत म्हणाली. "पाचला बादल्या भरायच्यात."