चंद्रावर परत न जाण्याचं कारण तंत्रज्ञान नव्हे, तिजोरी

‘१९६९ साली जमलं, तर नंतर इतकी वर्षं का जमलं नाही?’ हा अमेरिकेने माणूस चंद्रावर उतरवल्याबद्दल शंका घेणाऱ्या लेखातला प्रश्न रास्त आहे. पण त्यावरून ‘म्हणजे सगळं नाटकच होतं’ इथवर मारलेली उडी काही पटली नाही.

१९६६च्या सुमारास अमेरिकी सरकारच्या एकूण खर्चातला चार टक्क्यांहून अधिक वाटा नासाकडे जात होता. आज तो अर्धा टक्कासुद्धा नाही. रशियाला मागे टाकायचं होतं, ते टाकलं. मग राजकारण्यांचा रस संपला. माणसाला चंद्रावर नेणाऱ्या अपोलो मालिकेतल्या अपोलो १८, १९ आणि २० या मोहिमा १९७० मध्येच रद्द झाल्या. अपोलो यानं चंद्राकडे नेणाऱ्या सॅटर्न-५ रॉकेटचे आराखडे जपलेले आहेत हो, पण ते सुटे भाग बनवणारे कारखाने आणि कारागीर कधीच पांगले. नुसत्या कागदावरून रॉकेट उभं राहत नाही.

आणखी एक गंमत. चंद्रावर चाललेल्या १२ जणांत पेशाने शास्त्रज्ञ असा एकच, भूगर्भशास्त्रज्ञ हॅरिसन श्मिट. तोही अगदी शेवटच्या, अपोलो १७ मोहिमेत! विज्ञानाला किती महत्त्व होतं, ते यावरून समजा.

राहिला पुराव्याचा मुद्दा. अपोलो ११, १४ आणि १५ने चंद्रावर ठेवलेल्या परावर्तकांवर, म्हणजे प्रकाश आला तिकडेच परत पाठवणाऱ्या आरशांवर, आजही लेसर सोडून अंतर मोजतात. चंद्र वर्षाला सुमारे ३.८ सेंटिमीटर दूर जातोय, हे त्यातूनच इतकं नेमकं कळलं. शाळेत आर्मस्ट्राँगचं पाऊल पाठ करून घेतात, हे मात्र कुणी शिकवत नाही.