सावकाश होऊ द्या

काल संध्याकाळी ग्वाल्हेरच्या लश्कर भागातील आपल्याच एका मराठी मंडळाच्या गणेशोत्सवात मियाँमल्हार राग ऐन रंगात आलेला असताना गायिकेसमोर एक चिठ्ठी सरकवण्यात आली, आणि तेव्हापासून माझे डोके ठिकाणावर नाही. "जेवण तयार आहे, कृपया आटोपते घ्यावे," असे त्यात लिहिले होते, हे मला नंतर कळले. पुण्याहून जवळजवळ एक दिवसाचा प्रवास करून आलेल्या त्या मुलीने कागद वाचला, दुमडला, तंबोऱ्याच्या भोपळ्याखाली सारला, तबलजीकडे एकदा पाहिले आणि तिलवाडा तालातील संथ ख्याल अंतऱ्यावर न जाताच सोडून सरळ द्रुत बंदिश सुरू केली. कार्यक्रम सातचा होता. सव्वाआठपर्यंत दीपप्रज्वलन, शाली, श्रीफळे आणि ज्यांना सगळे गाव ओळखते त्यांचे परिचय चालले होते. तिच्या वाट्याला पस्तीस मिनिटे आली.

त्या क्षणी मला अमेरिकेच्या मिसिसिपी राज्यातील क्लार्क्सडेल, ब्लूज या कृष्णवर्णीयांच्या गाण्याचे गाव, आठवले.

दोन वर्षांपूर्वी मी मेम्फिसला भाच्याकडे गेलो होतो. एका शनिवारी त्याने मला ६१ क्रमांकाच्या महामार्गाने दक्षिणेला नेले. दोन्ही बाजूंना नजर पोहोचेल तिथवर सपाट शेते, आणि गाव म्हणावे तर अर्धी दुकाने बंद. रात्री भाच्याने कोणाला तरी विचारून एका लाउंजचा पत्ता काढला. बाहेरून ते गोदाम वाटत होते आणि पाटीवर दिवादेखील नव्हता. "मामा, परत जाऊ या का?" असे तो दोनदा म्हणाला. आत तांबडे बल्ब, छताला गळतीचे डाग, मंच नावाची वस्तूच नाही, जमिनीवर अंथरलेला एक विटका गालिचा आणि त्यावर घडीच्या खुर्चीत बसलेला सत्तरीचा एक गिटारवाला. आम्हा दोघांना धरून श्रोते अकरा, हे मी मोजले होते.

त्याच्या करंगळीत काचेची नळी होती. ती तारेवरून सरकवत तो एका स्वरावर येऊन थांबे, आणि तो स्वर धड कोमल गंधार नसे, धड शुद्धही नसे. दोहोंच्या मध्ये कुठे तरी तो हलत राही. आपल्या जीवाजीगंजात सरोदवादक हाफीज अली खाँसाहेबांच्या घरी आता सरोदघर हे संग्रहालय आहे. सरोदाच्या पोलादी पट्टीवर नखाने सूर ओढत नेताना जे ऐकू येते, त्याचा हा सख्खा भाऊ वाटला. चार-चार मात्रांचे बारा भाग, म्हणजे ४८ मात्रांचे आवर्तन, त्यात बहुतेक तीनच कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणारे स्वरसमूह; पहिली ओळ दोनदा म्हणायची, तिसरीने तिला उत्तर द्यायचे आणि प्रत्येक ओळीनंतर गिटारने बोलायचे. सामग्री एवढीच होती. तो एका ओळीच्या शेवटी थबकला, डोळे मिटले, पुढे काय करावे ते बहुधा ठरत नव्हते, तेव्हा मागून एका बाईंचा शांत आवाज आला, ज्याचा मराठीत अर्थ एवढाच होतो : सावकाश होऊ द्या.

तिथे "सावकाश" आणि इथे "आटोपते घ्या"!

हे मी काल जेवणाच्या पंगतीत बोलून दाखवले, तेव्हा मंडळाचे एक पदाधिकारी हसून म्हणाले, "काका, बारमधल्या गाण्याची घराण्याशी तुलना करता?" होय, करतो. तिथे दारू होती, धूर होता, आणि त्या म्हाताऱ्याची बरीचशी कमाई पायाशी ठेवलेल्या बादलीत पडणाऱ्या नोटांवर अवलंबून होती, हे मला मान्य आहे. पण त्या बादलीत नोट टाकायला उठलेला माणूससुद्धा ओळ संपेपर्यंत थांबत होता. ज्या ग्वाल्हेर घराण्याच्या नावाने आपण छाती फुगवतो, ते तरी कोणत्या सभागृहात टिकले? दरबाराचा आश्रय सुटल्यावर ख्यालगायक निसार हुसेन खाँसाहेब आपले शिष्य शंकर पंडितांच्या घरी राहिले, आणि एका मराठी ब्राह्मणाच्या घरात ख्याल या पिढीतून त्या पिढीत गेला. ब्लूजगायक मडी वॉटर्सचेही तसेच. १९४१ साली लोकसंगीताचे संग्राहक अॅलन लोमॅक्स यांनी त्याचे गाणे ध्वनिमुद्रित केले ते कापसाच्या मळ्यावरील त्याच्या झोपडीत. दोन वर्षांनी तो शिकागोला गेला आणि मग जगाला तो कळला. त्या झोपडीचे ओंडके आज क्लार्क्सडेलच्या संग्रहालयात आहेत, आणि आपण आपल्या वारशाचे काय केले, तर त्याला शाल पांघरून गप्प बसवले.

मंडळाला देणगीदार लागतात, आचारी मध्यरात्रीपर्यंत थांबत नाहीत, हेही ठीक आहे. मग परिचय कमी करावेत. गाणेच का कापावे?

इतके लिहून झाल्यावर मात्र मला त्या लाउंजमधल्या बाई पुन्हा आठवतात, आणि राग कोणावर काढावा ते कळेनासे होते. चिठ्ठी सरकली तेव्हा मी दुसऱ्या रांगेत होतो. मला सगळे दिसत होते. "सावकाश होऊ द्या," हे तीन शब्द मराठीत म्हणायला मला कोणी अडवले होते? पासष्ट वर्षे या गावात गाणे ऐकत आलो, आणि ऐन वेळी चारचौघांत वाईट दिसेल म्हणून मी मांडीवर ताल धरून बसून राहिलो. त्या अकरा जणांत मी जितका मोकळा होतो, तितका आपल्या माणसांत का नव्हतो, याचे उत्तर मला सापडलेले नाही.

आज दुपारी त्या मुलीला सोडायला स्टेशनवर गेलो होतो. गाडीला सव्वा तास उशीर होता. मी चिठ्ठीबद्दल क्षमा मागू लागलो, तर ती म्हणाली, "काका, मागे एकदा तर माईकच बंद केला होता." राहिलेला अंतरा बाकावर बसून म्हणून दाखव, असे ओठांवर आले होते, पण तिचा दमलेला चेहरा पाहून मी दोन चहा सांगितले. दिवाळीनंतर पुन्हा येशील का, असे विचारल्यावर तिने पहिला प्रश्न केला, "वेळ किती असेल?"

कार्तिकातला एखादा शनिवार ठरतो आहे, तारीख कळवीन. आमच्या माडीवर सतरंजीवर दाटीवाटीने पंचवीस माणसे मावतात. हारतुरे आणू नयेत, आणि ज्यांना नऊला जेवायची सवय आहे त्यांनी जेवून यावे.