काकींना कुणी सरपंच केलं नव्हतं

आज सकाळी एका मातीला जाऊन आले. आंघोळ केली, चहा झाला, तरी डोक्यातून जात नाही, म्हणून लिहितेय.

गेलेला माणूस चाळिशीचा. मयत उचलायच्या आधी त्याच्या बायकोला अंगणात बसवलं. दोघींनी हात धरले, तिसरीनं दगडावर बांगड्या फोडल्या. कुंकू पुसलं. जोडवी ओढताना ती ओरडली. सहावीतली पोरगी दारात उभी राहून सगळं बघत होती.

आणि या गावात विधवा प्रथाबंदीचा ठराव झालेला आहे! आमच्या शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडनं 4 मे 2022 ला ग्रामसभेत ठराव केला, शाहू महाराजांच्या स्मृतिशताब्दीच्या वर्षात. 17 मेला सरकारनं परिपत्रक काढलं, सगळ्या ग्रामपंचायतींनी हेरवाडचा कित्ता गिरवावा म्हणून. या गावानंही गिरवला. हार घातले, फोटो काढले. त्या फोटोतली माणसं आज मांडवात मान खाली घालून बसली होती. एकाच्याही तोंडून शब्द फुटला नाही. हात वर करायला ग्रामसभेत काय लागतं हो? अंगणात उठून उभं राहायला लागतं, ते कुठं होतं आज?

ठराव नकोच होता असं नाही. घरात एकटीनं भांडणाऱ्या बाईला त्या कागदाचा आधार होतो, हे मान्य.

पण 2009 ला माझे बाबा गेले तेव्हा कुठलाच कागद नव्हता. थोरल्या काकी होत्या. सव्विसाव्या वर्षी कपाळ पांढरं झालेली बाई. चौथी शिकलेली. कुठल्या मंडळाची अध्यक्ष नाही, बचत गटातसुद्धा नाव नाही. भाऊ मुंबईहून यायचा होता म्हणून बाबांना रात्रभर ठेवलं होतं. त्या रात्री काकी दोन तास दिसल्याच नाहीत. मला राग आला होता, आई अशी बसलेली असताना या गेल्या कुठं?

सकाळी आईला अंगणात आणलं. आईच म्हणाली, "फोडा, उगाच लोकांच्यात बोलणं नको." काकींनी तिचा हात आपल्या मांडीवर घेतला आणि म्हणाल्या, "हिच्या हाताला हात लावायचा न्हाई कुणी." आणि कुणीच पुढं आलं नाही.

का आलं नाही, हे मला फार उशिरा कळलं. आमच्या गल्लीत हे काम करणाऱ्या दोघी ठरलेल्या होत्या, दोघीही विधवाच. काकी रात्री त्यांच्या घरी गेल्या होत्या. त्यातल्या एकीनंच सांगितलं मला. "शिकवायला न्हाई आली ती. बसली आन् म्हणाली, तुझ्या फोडल्या त्या दिवशीचं सांग मला. तीस वर्षांत कुणी इचारलं नव्हतं गं."

आपण चिडतो की बायकाच बायकांच्या वैरी. मीही आज मनात हेच म्हणाले. पण जिनं तीस वर्षं रिकाम्या हातांनी काढली, तिला आपण सांगतो की यात काही अर्थ नव्हता. मग तिची तीस वर्षं कशात गेली? हे तिला कोण विचारतं? काकींनी विचारलं.

मुंबईत 1890 साली कामगार पुढारी नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकारानं नाभिकांनी विधवांचं केशवपन करायला नकार दिला. त्यांच्या हाती कसला अधिकार होता? वस्तरा होता, तो त्यांनी खाली ठेवला. काकींना लोखंड्यांचं नावही माहीत नसणार, पण कुणाच्या हातांशी बोलायचं हे त्यांना कळलं होतं.

याची किंमत काकींनी मोजली. दोन वर्षं भावकीतल्या एकाही बारशाला त्यांना बोलावणं आलं नाही. आईला कधी बोलून दाखवलं नाही त्यांनी.

पुढाऱ्यांवर एवढी चिडले खरी. पण आज मीही त्याच अंगणात उभी होते. कळलं रात्री दहालाच होतं. हातात अख्खी रात्र होती, आणि मी घरी बसून सकाळच्या एसटीची वेळ बघत होते.

मघाशी तिच्या सासूबाईंना फोन केला. त्याही विधवाच. उत्तरकार्याच्या आधी येते म्हणाले, सुनेसाठी बांगड्या घेऊन. बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "ये. पण आधी माझ्याजवळ बस."