एक मिनिट शांतता

माहितीपट करतो असं सांगितलं की पुण्यात पुढचा प्रश्न ठरलेला: "हो, पण पोटापाण्याचं काय?" पोटापाण्यासाठी मी लग्नं शूट करतो. मे महिन्यात मुंडावळ्या, जूनपासून सामाजिक प्रश्न. सरकारची माहितीपट काढणारी फिल्म्स डिव्हिजन १९४८ साली निघाली, तेव्हापासून थिएटरात मुख्य सिनेमाआधी लोकांना माहितीपट सक्तीनं दाखवायचे. लोक तेवढ्यात बाहेर वडा खाऊन यायचे. आता सक्तीही नाही.

मागच्या वर्षी कसब्यातल्या तांबट आळीत मठारकामावर फिल्म केली. दिवसभर तांब्यावर हातोडे! पण आवाज झकास मिळाला, कारण तो सगळा हवाच होता. यंदा आत्यावर करतोय. सदाशिव पेठ, तिसरा मजला. मुलाखत तासभर रंगली. राहिला फक्त रूम टोन.

म्हणजे त्या खोलीची स्वतःची शांतता. एडिटिंगमध्ये आत्याचं "म्हणजे काय की" कापलं की भोक पडतं. तिथे ठिगळ लावायला त्याच खोलीतली मिनिटभर शांतता लागते. दुसऱ्या खोलीतली लावली तर लगेच कानाला कळतं.

पंखा बंद केला. फ्रीज बंद केला. नंतर चालू करायचा विसरू नये म्हणून, या धंद्यातल्या जुन्या युक्तीप्रमाणे, स्कूटरची किल्ली फ्रीजमध्ये ठेवली.

"आत्या, आता एक मिनिट कुणी बोलायचं नाही."

"का रे, कोण गेलं?"

समजावलं. दहाव्या सेकंदाला खालून भंगारवाला. परत सुरू. शेजारच्या कुकरची शिट्टी. "त्यांच्या डाळीला पाच लागतात," आत्या म्हणाली, म्हणून पाच होईपर्यंत थांबलो. (सहा झाल्या.) मग बेल. शेजारचे काका. लॉ कॉलेज रस्त्यावर प्रभातच्या जुन्या स्टुडिओत १९६० पासून सिनेमा शिकवणारी संस्था आहे, त्यामुळे या शहरात शूटिंगचं अप्रूप कुणाला नाही, सूचना मात्र सगळ्यांकडे. "लाइट खिडकीकडून घ्यायचा रे," म्हणाले आणि बसले.

चौथ्या वेळी पन्नास सेकंद निघाले. काकासुद्धा गप्प. एक्कावन्नाव्याला आत्या पुटपुटली, "हे असेच बसायचे. रोज. चाळीस वर्षं."

तासाभरात बोलली नव्हती ते. वाक्य ठेवलंच. पण आता त्याच्या मागेपुढे लावायला शांतता कुठून आणू?

या विचारातच निघालो. किल्ली दाराजवळच्या खुंटीवर होती, घेतली आणि गेलो.

रात्री साडेनऊला फोन. "फ्रीज तू बंद केलास का रे? दूध नासलं."

"अगं, आत किल्ली ठेवली होती ना मी!"

"ती मी केव्हाच काढून खुंटीला लावली. फ्रीजमध्ये काय किल्ल्या ठेवतात?"

दुसऱ्या दिवशी परत गेलो, रूम टोनसाठी. आत्यानं नासलेल्या दुधाच्या वड्यांची बशी पुढे सरकवली.

"आधी खा. मग बस गप्प."