टक!

सोमवारी सकाळी नऊला सेल्फ मारला तर गाडी म्हणाली, टक. परत मारला तर टक टक टक टक, म्हणजे सीटखाली बसून कोणीतरी अडकित्त्याने सुपारी कातरतंय असं. किक मारावी तर आमच्या गाडीला किकच नाही.

खरं तर आदल्या दिवशीच कळायला हवं होतं. 2017 पासून नव्या दुचाकींचा हेडलाईट दिवसासुद्धा चालूच असतो, बंद करायला बटनच नाही, त्यामुळे समोरून येणारा प्रत्येक परोपकारी माणूस हाताची मूठ उघडमिट करून 'लाईट चालू आहे' सांगत असतो. रविवारी एकानेही सांगितलं नाही. मला वाटलं लोक सुधारले.

तेवढ्यात पहिल्या मजल्यावरचे काका आले. "आडवी कर," म्हणाले. त्यांच्या स्कूटरच्या जमान्यात सगळ्या रोगांवर हा एकच इलाज होता. म्हटलं काका, ही इंजेक्शनवाली आहे, तर म्हणाले मग डॉक्टरकडे ने. शेवटी वॉचमन आणि दूधवाल्या पोराने धक्का मारला, मी सेकंड गिअर टाकून क्लच सोडला, दोनदा. काही नाही. चावी फिरवल्यावर टाकीतल्या पेट्रोल पंपाचा जो झूंऽऽ आवाज येतो तोच येत नव्हता, पंपालाच करंट नाही तर धक्का मारून काय उपयोग, पण हे मला दूधवाला घामाघूम झाल्यावर सुचलं.

मेकॅनिकने सीटसुद्धा न उघडता निदान केलं, "बॅटरी गेली साहेब." नवी टाकली, जुनी त्याने तीनशे रुपयात परत घेतली. अकरा दिवस मजेत गेले. बाराव्या दिवशी, टक.

मग मात्र डोकं फिरलं आणि मी साडेतीनशेचा मल्टिमीटर आणला. पहिलंच रीडिंग 26 व्होल्ट! बारा व्होल्टची बॅटरी आहे का लॉटरी? भाच्याने शांतपणे येऊन काटा एसीवरून डीसीवर फिरवला आणि एक शब्द न बोलता निघून गेला. असा अपमान कुणी केला नव्हता.

बॅटरी रात्रभर चार्जरला लावली, सकाळी 12.7, म्हणजे तब्येत ठणठणीत. गाडी चालू करून रेस दिली की हा आकडा चौदाच्या आसपास चढायला पाहिजे. माझा 12.2 आणि वर रेस देईल तसा अजून खाली. म्हणजे बॅटरी बिचारी एकटीच घर चालवत होती, कमावणारं कुणी नाही. इंजिनात वीज तयार करणाऱ्या मॅग्नेट कॉइलमधून तीन पिवळ्या वायरी निघून रेक्टिफायरकडे, म्हणजे त्या विजेचं बॅटरीला चालेल असं डीसी करणाऱ्या डबीकडे जातात, त्या हाताने चाचपत गेलो तर वायरी जोडणारा मधला कपलर चॉकलेटसारखा वितळलेला, एक पिन काळीठिक्कर आणि वास असा की दूध करपलंय.

कपलर किरकोळ पैशात आला. नवा लावला, रेस दिली, 14.1! मी पार्किंगमध्ये एकटाच ओरडलो. जुन्या बॅटरीचा मात्र काहीच गुन्हा नव्हता आणि मी तिला तीनशेला विकून बसलो होतो.

आता मीटर हातातून सुटत नाही. रिमोटचे सेल झाले, भिंतीवरचं घड्याळ झालं, इन्व्हर्टर झाला. काल स्वयंपाकघरात शिरलो तर आई मिक्सरवर हात ठेवून उभी होती.

"पुढं यायचं नाही," म्हणाली.